कलम ६.२ वरची हरकत

सान फर्नांदो, सिबुयान बेट
१८ ऑगस्ट १९९४

श्रीमती एफ. रुतोर,
सचिव, लाइफ जॅकेट मानक समिती, यांस

तुमच्या कार्यालयाचा जाडजूड लखोटा परवाच्या बोटीने आला. आत बावीस पानांचा मसुदा, एक फॉर्म, आणि हुकूम असा की हरकती व सूचना ३० सप्टेंबरच्या आत कळवाव्यात. माझं नाव तुमच्या यादीत कसं गेलं कोण जाणे. वीस वर्षं मी बोटींसाठी लाइफ जॅकेटं शिवली, तेव्हा कोणीतरी लिहून घेतलं असेल. आता शिवत नाही. आता फक्त शाळेचे गणवेश आणि पाद्रीबाबांचे झगे.

मसुदा वाचायला चार दिवस लागले. घरात मधे बोलायला कोणी नाही, म्हणून चार. नाहीतर महिना लागला असता.

कलम ६.२ मध्ये लिहिलंय की नवं जाकीट चोवीस तास पाण्यात ठेवायचं, त्याला वजन टांगायचं, आणि तरंगलं की पास. अहो, नवं जाकीट तरंगतंच. माझं एकही कधी नापास झालं नाही. म्हणून मी फॉर्म भरलाय: 'नवे जाकीट' याच्या जागी 'वापरलेले जाकीट' असे लिहावे. हरकतीचा प्रकार विचारला होता आणि तीन चौकोन होते: सर्वसाधारण, तांत्रिक, भाषिक. मी शिंपी माणूस, मी कुठला तांत्रिक! एक शब्द तर बदलायचा. 'भाषिक'वर फुली मारली.

आता एक खाजगी विचारतो, राग मानू नका. आमच्या सेल्सोकाकांना एक फेलिसितास नावाची मुलगी होती. शाळेत सगळ्यांच्या वह्यांतल्या चुका काढायची, बाईंच्यासुद्धा, आणि त्यापायी मार खायची. पुढे मनिलाला गेली ती गेलीच. ती तूच असशील तर मी युस्ताकियो, मेलचोर शिंप्याचा थोरला. तू ती नसशील तर एवढा भाग खोडून टाकावा आणि फॉर्म तेवढा ठेवून घ्यावा.

आपला,
युस्ताकियो रुतोर


केझोन सिटी
९ सप्टेंबर १९९४

मानोंग ताक्यो,

मीच ती. खोड गेली नाही. सरकारने तिच्यासाठी एकतीस वर्षं पगार दिला, इतकंच. लखोट्यावर तुमचं नाव मीच टाइप केलं होतं आणि चिठ्ठी लिहू की नको करत शेवटी लिहिली नाही. म्हटलं, ओळख देतात का बघू. तीस वर्षांत मला 'मानोंग' म्हणावं असा थोरला भाऊ कोणी मिळाला नव्हता. इथे सगळ्यांची मी 'मॅडम'.

आता तुमच्या पराक्रमाविषयी. 'भाषिक'वर फुली मारलीत, त्यामुळे तुमचा फॉर्म गेला आमच्या भाषा तपासणाऱ्या गृहस्थांकडे. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी लाल शाईत उत्तर दिलंय: 'मूळ वाक्य शुद्ध आहे. हरकत अमान्य.' मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून शिपाई बघायला आला.

अहो, चाचणी बदलणारी कुठलीही गोष्ट तांत्रिकच असते, मग ती शिंप्याने सांगो नाहीतर बिशपने. नियम असा आहे: कुठल्या कलमावर हरकत आहे, त्याऐवजी नेमके कोणते शब्द हवेत, आणि का. पहिल्या दोनांशिवाय समिती वाचत नाही. तिसरं नसेल तर समिती उत्तर देते, 'नोंद घेतली'. 'नोंद घेतली' म्हणजे आमच्याकडे फुलं वाहून पुरून टाकली.

पण तुमचा फॉर्म मुदतीत आला, म्हणून हरकतींच्या तक्त्यात तुमची ओळ पडली आहे: क्रमांक सत्तेचाळीस. चुकीच्या चौकोनात का होईना, पडली. पाठवणाऱ्याला विचारून प्रकार दुरुस्त करण्याचा सचिवाला अधिकार आहे, तो मी वापरला. आता शब्द आणि कारण पाठवा. 'वापरलेले' म्हणजे काय? एक दिवस? दहा वर्षं? इंजिनिअर लोक त्यावरच तुमचा फडशा पाडतील.

कार्निंगवहिनींना मी आठवते का? तुमच्या लग्नात त्यांच्या ओढणीचा झिरझिरीत पदर धरून मी मागे चालत होते आणि पायरीवर त्यावर पाय दिला होता. त्या वळून म्हणाल्या होत्या, "दे, दे, फाटला तर नवरा शिंपीच आहे." तुमची लेक दुल्से किती मोठी झाली?

डिसेंबरअखेर मी निवृत्त होतेय. हे मानक माझं शेवटचं.

तुमची,
फेली


सान फर्नांदो
२४ सप्टेंबर १९९४

चि. फेली,

तू तीच निघालीस, जीव भांड्यात पडला. मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांग. वाक्य शुद्ध होतं हे मलाही मान्य आहे.

शब्द असे घाल: 'चाचणीपूर्वी जाकीट दहा दिवस पन्नास किलो वजनाखाली ठेवावे.'

कारण असं. बोटीतली फळी कडक असते. रोहास सिटीपर्यंत साडेतीन-चार तास. जाकिटं फळीवरच ठेवलेली असतात. बायका, म्हातारी माणसं काय करतात? बुडाखाली घेतात. वर्षानुवर्षं. आत सावरीचा कापूस, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत. कापूस दबून पापड होतो, पिशवी घडीवर चिरते. बाहेरून मात्र नारिंगी कापड तसंच, पट्ट्या तशाच. बघून कळत नाही. एवढं कारण पुरे व्हावं.

दुल्से मोठी झाली, तिला मुलगा आहे, रोहास सिटीला असते. कार्निंग आता इथे नसते.

मला विचारशील तर बरा आहे. सुकी मासळी भाजतो, भात दोनदाचा एकदाच शिजवतो. मशीन चालू असलं की घर भरल्यासारखं वाटतं, म्हणून काम नसतानाही कधीकधी नुसतं पायाने चालवतो. शेजारीण म्हणते, "ताक्यो, हवा शिवतोस का?" तुझं पत्र आलं त्या दिवशी मशीन बंद होतं.

आशीर्वाद,
युस्ताकियो


केझोन सिटी
२० ऑक्टोबर १९९४

मानोंग,

पहिलं वाचन झालं. एकसष्ट हरकतींपैकी चाळीस निकालात निघाल्या, तुमची लोंबकळतेय.

फोमच्या कारखान्याचे इंजिनिअर म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण पुरावा कुठाय?" बोटमालकांच्या वतीने आलेले गृहस्थ म्हणाले, "लोक बसतात म्हणून जाकीट निकामी होतं, हे या शिंप्याने स्वप्नात पाहिलं का? आमच्या बंदरात असं एकदाही घडलेलं नाही." अध्यक्षांनी ठरवलं: एक तरी घडलेली घटना दाखवा, नाहीतर 'नोंद घेतली'. सत्तावीस नोव्हेंबरनंतर मसुदा अंतिम होतो आणि मग पाच वर्षं त्याला कोणी हात लावू शकत नाही. बैठक २४ ला आहे. त्याआधी पूर्ण तक्ता सगळ्या सभासदांना आणि प्रत्येक बंदराच्या बोटमालक संघाला जातो, हरकत घेणाऱ्याच्या नावानिशी आणि कारणानिशी.

एक सांगू? मी आयुष्यभर लोकांच्या हरकती वाचत आले आहे. ज्याच्याकडे नुसतं मत असतं तो पानभर लिहितो. ज्याला खरंच ठाऊक असतं तो आखडतं लिहितो. पिशवी 'घडीवर' चिरते हे तुम्ही लिहिलंत. ते बाहेरून दिसत नाही असंही तुम्हीच लिहिलंत. मग तुम्ही कुठून पाहिलंत? काही दडवत असाल तर आता काढा.

आणि वहिनी दुल्सेकडे राहायला गेल्या का? तुमचं बिनसलं असेल तर तुम्ही आधी जा, मानोंग. या वयात एकटं राहण्यात काही मोठेपणा नाही, मला विचारा. मी रविवारीही कार्यालयात येऊन बसते. घरी फोन आहे, पण तो वाजत नाही. इथला निदान चुकून वाजतो.

फेली


सान फर्नांदो
२ नोव्हेंबर १९९४

चि. फेली,

काल मृतांच्या सणाला सगळं गाव दफनभूमीत होतं. मेणबत्त्या, केळीच्या पानातला चिकट भात, पत्ते, रेडिओ, पोरांची पळापळ. मी कार्निंगजवळ बसून होतो. ती जाऊन येत्या डिसेंबरात चार वर्षं होतील.

'इथे नसते' असं मी लिहिलं तेव्हा तू चुकीचं समजशील हे मला कळत होतं. तू समजलीसही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. तुझ्या पत्रात ती जिवंत होती, माझ्यावर रुसून मुलीकडे गेलेली. ते पत्र मी कितीदा वाचलं म्हणून सांगू.

तू विचारलंस, कुठून पाहिलं. सांगतो.

दुल्सेच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. मला पाद्रीबाबांचा झगा संपवायचा होता, म्हणून कार्निंग एकटी पुढे निघाली, इस्कोच्या इंजिनवाल्या पंपबोटीतून. इस्को माझा लहानपणचा मित्र. वाटेत लाट आडवी आली आणि बोट उलटली. बोटीचा तोल धरणाऱ्या बाजूच्या बांबूच्या उलांडीला अकराजण लटकले. उलांडी एकच शाबूत, आणि ती तेवढा भार घेईना. एका बाईजवळ तान्हं मूल होतं. कार्निंगने आपला हात सोडला आणि तिला म्हणाली, "तू धर. मला जाकीट आहे. माझ्या नवऱ्याने शिवलंय."

अर्धा तास ती तरंगली, त्यांच्याशी बोलत. मग जाकीट पाणी प्यायला लागलं. इस्को तिच्याकडे पोहत गेला तोवर उशीर झाला होता. बाकी सगळे वाचले. ती बाईही, मूलही.

इस्कोने तिला आणलं आणि हे सगळं मला किनाऱ्यावरच सांगितलं. मी जाकीट काढून घेतलं, घरी नेऊन उसवलं. माझीच शिवण, माझीच गाठ. आत कापसाचा चिखल झाला होता. दुसऱ्या दिवशी दुल्से आली आणि विचारलं, "आईला जाकीट नव्हतं?" मी म्हणालो, "बोटीत पुरेशी नव्हती." इस्को तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चौकशीलाही त्याने तेच सांगितलं. त्याचा परवाना वर्षभर गेला. बाकीचे उतारू पलीकडच्या बेटांचे, त्यांना कोण विचारतो? दुल्सेने त्या दिवसापासून इस्कोच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. मी रोज पाहतो, तो रोज सकाळी माझ्या दारावरून जातो आणि आम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलतो. मी भेकड माणूस आहे, फेली.

कारणाचा रकाना भरून सोबत जोडलाय. त्यात कार्निंगचे शब्द तसेच्या तसे लिहिलेत. फक्त एक विनंती. दुल्सेचा नवरा नेस्तोर रोहास सिटीच्या बोटमालक संघाचा चिटणीस आहे. तक्ता त्याच्या टेबलावर जाणार. माझं नाव न घालता कारण तेवढं छापता येईल का?

युस्ताकियो


केझोन सिटी
१२ नोव्हेंबर १९९४

मानोंग,

तुमचं पत्र जपून ठेवलंय. वहिनींबद्दल जे काही बरळले त्याची मला लाज वाटते.

तुमच्या विनंतीचं उत्तर 'नाही' असं आहे. निनावी कारण ग्राह्य धरत नाहीत. धरलं तर उद्या जो तो कारखाना दुसऱ्याच्या जाकिटाबद्दल काहीही लिहील. हा नियम चांगला आहे. तो करताना मीही मत दिलं होतं. काल पहिल्यांदा वाटलं की नसता केला तर बरं.

नाव काढलं तर कारण जाईल, कारण गेलं तर ओळ जाईल. ओळ गेली तर पाच वर्षं नवीच जाकिटं पाण्यात टाकून बघत बसतील. मी तुम्हाला असं करा, तसं करा सांगणार नाही. मुलगी तुमची, मला मुलगी नाही, त्यामुळे तिला गमावणं म्हणजे काय हे मला समजतं असा आव आणत नाही. पण मसुदा अंतिम होताना मी नेहमी पान वाचून दाखवणाऱ्याच्या जागी असते, आणि ही ओळ मला वाचायची आहे, एवढं मात्र खरं.

तक्ता १७ तारखेला छपाईला जाईल. तार करा. 'छापा' किंवा 'काढा'. जे येईल ते मी मुकाट्याने करीन.

फेली


तार
सान फर्नांदो, १६ नोव्हेंबर १९९४

छापा. नाव पूर्ण घाल. युस्ताकियो रुतोर, शिंपी.


केझोन सिटी
१९ डिसेंबर १९९४

मानोंग,

२४ ला बैठक झाली. सत्तेचाळीसचा नंबर जेवणानंतर लागला, त्या वेळी निम्मे सभासद पेंगत असतात. मी वाचायला घेतलं. 'तू धर' पर्यंत आले आणि मला पुढे वाचता येईना. पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला अध्यक्षांनी थांबवलं नाही. एरवी ते घड्याळ दाखवतात.

वाचून झाल्यावर फोमवाले इंजिनिअर म्हणाले की दहा दिवस फार होतात, सात दिवसांत कापूस जेवढा दबायचा तेवढा दबतो, तशी मोजमापं त्यांच्याकडे आहेत. म्हणजे ते आमच्या बाजूने बोलत होते, हे कळायलाच मला वेळ लागला. शेवटी बोटमालकांचे गृहस्थ उभे राहिले. मग म्हणाले, "स्वप्नात पाहिलं का असं मी विचारलं होतं. इतिवृत्तातून ते काढा." मी म्हटलं, इतिवृत्तातून काही काढता येत नाही. ते म्हणाले, "मग राहू दे. मी बोललो ते बोललो."

निकाल: 'मान्य, बदलासह.' नवं कलम ६.२ असं: 'चाचणीपूर्वी जाकीट सात दिवस पन्नास किलो वजनाखाली ठेवावे व त्यानंतर चोवीस तास पाण्यात तपासावे.' तुमचेच शब्द आहेत, फक्त दहाचे सात झाले. मुख्याध्यापकांनी भाषा तपासली. या वेळी शुद्ध निघाली.

माझा निरोप समारंभ शुक्रवारी झाला. शेवयांची मोठी परात, भाषणं, एक भिंतीवरचं घड्याळ. सगळे छान बोलले आणि पाच वाजता आपापल्या घरी गेले. टेबलाच्या खणात तुमची पत्रं तेवढी माझी होती, बाकी सगळं सरकारचं.

दुल्सेकडून काही? तक्ता सगळीकडे पोहोचला असेल. विचारायला भीती वाटते, तरी विचारते.

फेली


सान फर्नांदो
११ जानेवारी १९९५

चि. फेली,

कलम झालं. तुझे उपकार शब्दांत मांडायला गेलो तर तू चुका काढशील, म्हणून राहू दे.

नाताळला दुल्से आली नाही, पत्रही नाही. शनिवारी सकाळच्या बोटीने आली. मी मशीनवर होतो, खिडकीतून तिला येताना पाहिलं. उठलो, दार उघडलं. ती माझ्या दारावरून सरळ पुढे गेली, इस्कोच्या घरी. तासभर तिथे होती. मी दार लावलं नाही.

मग आली. आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, हातात तुमच्या तक्त्याचं पान. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं: खोटारडा म्हणेल, आईला मारलंत म्हणेल, आणि मी खाली मान घालून ऐकून घेईन. तिने एवढंच विचारलं, "हे आई म्हणाली होती? इथे लिहिलंय ते?"

म्हटलं, "हो."

"हेच शब्द?"

"हेच. इस्कोने कानांनी ऐकले. तुला सांगितलं असेल त्याने."

"सांगितलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मी सांगितलं. तान्ह्या मुलाचं सांगितलं, ती अर्धा तास त्यांच्याशी बोलत होती तेही सांगितलं. दुल्से पानाची घडी करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, आई जाकिटाशिवाय हातपाय मारत गेली. घाबरून, ओरडत. चार वर्षं रोज झोपताना मी तिला तशीच पाहिली, बाबा. आणि ती तशी नव्हतीच. ती कोणालातरी जागा देऊन, तुमचं नाव घेऊन गेली. शिवणीचं मी कधीच सोडून दिलं असतं. आईचं शेवटचं बोलणं तुम्ही माझ्यापासून लपवलंत."

फेली, देवाशपथ, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी माझा गुन्हा लपवतोय असंच धरून चाललो होतो. ते शब्द तिचे होते, आणि मी ते आधी तुला लिहिले, मग तुझ्या समितीतल्या पंचवीस अनोळखी माणसांना ऐकवले, आणि तिला मिळाले ते नवऱ्याच्या टेबलावरच्या छापील कागदातून.

ती दुपारच्या बोटीने परत गेली. किनाऱ्यापर्यंत मी तिच्या मागून चालत गेलो, आणि तिने मला मागून येऊ दिलं.

युस्ताकियो